डॉक्टर नोचे पोलादी हात

ज्युलियस नो याचे दोन्ही पंजे मनगटाशी तोडलेले आहेत आणि त्या जागी पोलादाचे चिमटे बसवलेले आहेत. इयान फ्लेमिंगच्या ‘डॉक्टर नो’ या कादंबरीचा अर्ध्याहून अधिक भाग उलटला तरी हा माणूस वाचकासमोर येत नाही. दिसतात ती त्याची माणसे, त्याचे बेट आणि त्याचे नाव काढताच गप्प होणारे लोक. शेवटी तो येतो तेव्हा अंगात पायघोळ किमोनो, उंची साडेसहा फुटांच्या आसपास, चालणे असे की पाऊल उचललेले कळू नये, आणि हात बाह्यांत लपवलेले. हात मिळवता येत नाही याबद्दल तो पाहुण्यांची रीतसर क्षमा मागतो. बाह्या बाजूला सरतात आणि चिमटे दिसतात. थोड्या वेळाने तो त्यांपैकी एक चिमटा वर नेतो आणि त्याचे टोक उघड्या बुबुळावर टेकवतो. बारीक ‘टिंग’ असा आवाज होतो. मग दुसऱ्या बुबुळावर, पुन्हा ‘टिंग’. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स आहेत म्हणून हा आवाज. १९५८ च्या वाचकाला ही वस्तू अजून नवलाची होती. माणसाच्या सर्वांत नाजूक जागी पोलाद टेकते आणि माणूस पापणीही हलवत नाही, हे फ्लेमिंगने दोन-तीन ओळींत उरकले आहे. जेम्स बाँड मालिकेतल्या कितीतरी पाठलागांपेक्षा आणि गोळीबारांपेक्षा हे दृश्य जास्त लक्षात राहते.

कादंबरी जेम्स बाँड मालिकेतली सहावी. लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेने ती ३१ मार्च १९५८ रोजी प्रसिद्ध केली. तिचे मूळ मात्र पुस्तकात नव्हे, दूरचित्रवाणीत होते. १९५६ साली एका अमेरिकी निर्मात्यासाठी फ्लेमिंगने ‘कमांडर जमैका’ नावाच्या मालिकेचा आराखडा लिहिला. नायकाचे नाव जेम्स गन. मालिका निघाली नाही आणि आराखडा कादंबरीच्या कामी आला. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्लेमिंग बहामातल्या ग्रेट इनाग्वा बेटावर रोहित पक्ष्यांची वसाहत पाहायला गेला होता. खाजण, पक्ष्यांचे थवे आणि चिखलातून चालणारी मोठ्या चाकांची गाडी हे सगळे त्याने तिथून उचलले. कादंबरीत ती गाडी आग ओकणारा ‘ड्रॅगन’ होते. डॉक्टर नोच्या क्रॅब की या बेटावर ग्वानोचा, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा, व्यापार चालतो. आज हे हास्यास्पद वाटते, पण एकोणिसाव्या शतकात ग्वानो हे खत सोन्याच्या भावाने विकले जाई, आणि १८५६ साली अमेरिकेने अशी बेटे ताब्यात घेण्यासाठी खास कायदाच केला होता. विष्ठेच्या ढिगाआड क्षेपणास्त्रांना भरकटवणारे यंत्रघर लपवायचे ही युक्ती म्हणूनच निव्वळ हवेतली नाही.

हात कसे गेले याची हकिकत डॉक्टर स्वतःच सांगतो, तीही जेवणाच्या टेबलावर, यजमानाच्या थाटात. पेकिंगमध्ये जन्म, बाप जर्मन मेथडिस्ट मिशनरी, आई चिनी. बापाने टाकले, तरी ‘ज्युलियस’ हे बापाचे नाव त्याने ठेवले आणि बापाला नकार म्हणून आडनाव घेतले ‘नो’. शांघायमध्ये तो टोंग म्हणजे चिनी गुन्हेगारी टोळ्यांत शिरला, तिथून न्यूयॉर्कला गेला आणि तिथल्या टोळीचा खजिना सांभाळू लागला. एक दिवस दहा लाख डॉलरचे सोने घेऊन तो पसार झाला. टोळीने त्याला शोधून काढले, रात्रभर छळले, सोने कुठे आहे ते कळेना तेव्हा दोन्ही हात तोडले आणि छातीत डावीकडे गोळी घातली. हात तोडण्यामागे हिशेब होता: प्रेत सापडले की ते चोराचे आहे हे कळावे. पण या माणसाचे हृदय उजवीकडे होते. वैद्यकशास्त्रात अशी माणसे साधारण दहा-बारा हजारांत एक निघतात. तो वाचला, सोने वटवून त्याने जगातली दुर्मीळ टपाल तिकिटे घेतली, कारण एका पाकिटात मावणारी संपत्ती तिकिटांसारखी दुसरी नाही. मिलवॉकीला जाऊन तो वैद्यक शिकला आणि युद्धकाळात १० हजार पौंडांना क्रॅब की विकत घेतले.

या हकिकतीत चिमट्यांचे काम नेमके काय, हे पाहण्यासारखे आहे. चिमटे शस्त्र म्हणून फारसे चालत नाहीत. बाँडशी डॉक्टरची झटापट अशी होतच नाही. चिमटे ही शिक्षेची पावती आहे. तोडलेला हात चोर म्हणून ओळख पटवण्यासाठी होता आणि चोराने ती ओळख पोलादाने झाकली. बाह्यांत हात लपवून ठेवण्याची त्याची सवय तिथून येते. तो हात दाखवतो ते समोरच्याला हादरवायचे असते तेव्हाच.

डॉक्टर नो कोणाचा वंशज हे ओळखायला वेळ लागत नाही. १९१३ साली सॅक्स रोमरने फू मांचू हा चिनी महाखलनायक पुस्तकात आणला. ‘पूर्वेकडून येणारे संकट’ या पाश्चात्त्य भीतीला त्याने चेहरा दिला आणि पुढची कित्येक वर्षे ती भीती विकली. रोमरच्या गोष्टींचा आपल्यावर प्रभाव असल्याचे फ्लेमिंग मान्य करत असे. मिश्र रक्त म्हणजे विकृत मन हे समीकरण ‘डॉक्टर नो’त उघडउघड आहे, आणि आज ते पान वाचताना खटकल्याशिवाय राहत नाही. १९५८ सालीही पुस्तकावर टीका झाली. ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकात पॉल जॉन्सनने त्याच्या चिंधड्या उडवल्या, पण त्याचा रोख वंशभेदापेक्षा लैंगिकता, बडेजाव आणि क्रौर्य यांवर होता.

लोखंडी हात मात्र फू मांचूकडून आलेला नाही, तो वेगळ्या घराण्यातला. तुटलेल्या अवयवाच्या जागी धातू ही कल्पना भारतीय वाचकाला जुनीच आहे. ऋग्वेदात खेल राजाच्या लढाईत विश्पलेचा पाय तुटतो आणि अश्विनीकुमार तिला लोखंडी जंघा बसवून देतात. विश्पला ही स्त्री की घोडी यावर पंडितांचा वाद आहे. दोन्ही पक्षी ती मदत मिळालेली योद्धी आहे, खल नव्हे. युरोपात ग्योत्स फॉन बर्लिशिंगेन या जर्मन सरदाराचा उजवा हात १५०४ साली लांट्सहूटच्या वेढ्यात गेला. त्याने बनवून घेतलेल्या लोखंडी हाताची बोटे दातेरी चाकांवर आणि स्प्रिंगांवर वाकत आणि कळ दाबली की सुटत. हा हात आजही याग्स्टहाउझेनच्या किल्ल्यात ठेवलेला आहे. तो हात लावून ग्योत्सने आणखी कित्येक वर्षे लढाया केल्या, आणि गटेने त्याच्यावर १७७३ साली नाटक लिहिले. तेव्हाही लोखंडी हात वीराचा होता.

तो खलनायकाकडे गेला तो रंगभूमीवरून. २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात जे. एम. बॅरीचे ‘पीटर पॅन’ पहिल्यांदा झाले. कॅप्टन हूकचा हात पीटरने कापला आणि मगरीने खाल्ला. त्याच्या जागी आकडा आला. हूकला त्या आकड्याचा अभिमान आहे आणि मगरीची धास्तीही आहे, कारण एकदा चव लागल्यावर ती उरलेल्या हूकसाठी मागे लागली आहे. पुढच्या सगळ्या लोखंडी हातांचा साचा इथे तयार आहे. हात गमावण्याचे कारण खलनायकाच्याच आयुष्यात असते, बदली हात त्याची शेखी होतो, आणि जे हात घेऊन गेले ते उरलेले न्यायला पुन्हा येते.

हा साचा स्वस्त मासिकांनी आणि मूकपटमालिकांनी घाऊक वापरला. फ्रँक मन्सीने १८९६ साली ‘आर्गसी’ हे मासिक लाकडाच्या लगद्याच्या सर्वांत हलक्या कागदावर आणि निव्वळ गोष्टींनी भरून काढले. लगद्याला इंग्रजीत पल्प म्हणतात, त्यावरून या साऱ्या साहित्यालाच तसे नाव पडले. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा कागद आणि त्याचा वास वेगळा समजावून सांगायला नको. १९१६ साली पाथे कंपनीने ‘द आयर्न क्लॉ’ ही वीस भागांची चित्रपटमालिका काढली. पर्ल व्हाइट नायिका आणि शेल्डन लुईस हा लोखंडी पंजाचा खलनायक लेगार. मालिकेचा बहुतेक भाग आज नष्ट झाला आहे. अमेरिकी मूकपटमालिका त्या काळात मुंबईच्या थिएटरांतही तुफान चालत, आणि पर्ल व्हाइट व एडी पोलो ही नावे इथल्या प्रेक्षकांच्या तोंडी होती. १९२७ साली फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये शास्त्रज्ञ रोटवांग येतो. यंत्रमानव घडवताना त्याचा उजवा हात गेलेला आहे, आणि त्या जागच्या हातावर काळा हातमोजा आहे. आकड्याच्या जागी हातमोजा आला, म्हणजे प्रयोगशाळा आली. काळा हातमोजा पुढे फार लांब गेला.

गोष्टींतला हात कसा चालतो हे समजायचे तर खरा हात कसा चालतो ते आधी पाहावे लागते. पहिल्या महायुद्धात एकट्या ब्रिटिश सैन्यातल्या ४१ हजारांहून अधिक माणसांनी हात किंवा पाय गमावले आणि लंडनजवळच्या रोहॅम्प्टन इथल्या रुग्णालयात कृत्रिम अवयवांचे मोठे काम उभे राहिले. हातांसाठी सर्वांत टिकाऊ ठरला तो दुपाखी आकडा. लाकडाच्या गिरणीत हात गमावलेल्या डेव्हिड डॉरन्स या अमेरिकी माणसाने त्याचे पेटंट १९१२ साली घेतले. पाठीवरून आणि दुसऱ्या काखेतून पट्टा जातो, पट्ट्याला तार जोडलेली असते, आणि खांदा पुढे काढला की तार ताणून आकड्याची पाखे उघडतात. मिटतात ती रबरी कड्यांनी. आकड्याच्या बुडाशी चढवलेले एक कडे साधारण अर्धा किलो पकड देते. जास्त पकड हवी तर कडी वाढवायची, पण मग प्रत्येक वेळी उघडताना खांद्याला तेवढा जास्त जोर लावावा लागतो. चहाचा कप उचलायला एक हिशेब, लाकडाचा ओंडका धरायला दुसरा. स्पर्श तर नाहीच. वस्तू निसटते आहे हे बोटांना कळत नाही, ते डोळ्यांनीच पाहावे लागते. 

या हिशेबाने पाहिले तर डॉक्टर नोच्या चिमट्यांत माणूस चिरडण्याची ताकद येणार कुठून, हा प्रश्न उरतोच. फ्लेमिंग तिकडे वळत नाही. बंदुकीच्या बाबतीत त्याने वाचकांची पत्रे मनावर घेतली. ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रतज्ज्ञाने बेरेटा हे बाईचे पिस्तूल असल्याचे कळवले म्हणून याच कादंबरीत बाँडच्या हाती वॉल्थर पीपीके आले, आणि ते देणाऱ्या अधिकाऱ्याचे नावच मेजर बूथरॉइड ठेवले गेले. पोलादी हाताबद्दल कोणी पत्र पाठवले नसावे.

पडद्यावर मात्र त्याआधीच खरा हात दिसून गेला होता. १९४६ च्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मध्ये हॅरॉल्ड रसेल या माजी सैनिकाने काम केले. १९४४ साली स्फोटात त्याचे दोन्ही हात गेले होते आणि पडद्यावरचे आकडे त्याचे स्वतःचे होते. रात्री आकडे उतरवल्यावर आपण किती परावलंबी होतो हे तो नियोजित वधूला खोलीत नेऊन दाखवतो, पट्टे काढतो, आणि ती सदऱ्याची बटणे लावून देते. एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळालेला तो एकमेव नट. बारा वर्षांनी फ्लेमिंगने तशीच अवजारे खलनायकाला दिली तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत असे आकडे लावून कामावर जाणारी हजारो माणसे होती. साहसकथेला त्यांची दखल घ्यावीशी वाटली नाही. बटण लावण्याची अडचण डॉक्टर नोला कधीच येत नाही, त्याला नोकर आहेत.

कादंबरीतल्या शेवटात चिमट्यांचा काही संबंध नाही. बाँड जेवणाच्या टेबलावरून एक सुरी आणि एक लायटर लांबवतो, तापलेल्या नळांतून आणि विषारी कोळ्यांच्या पिंजऱ्यातून सरपटत पार होतो, समुद्रात महाकाय माखलाशी झुंजतो आणि शेवटी धक्क्यावरची यारी ताब्यात घेऊन डॉक्टरवर ग्वानोचा ढीग ओततो. विष्ठेच्या व्यापाऱ्याला विष्ठेत पुरला, हा फ्लेमिंगचा खवचटपणा. पण गोष्टीच्या दृष्टीने ही चूक आहे. इतका गाजावाजा करून दाखवलेले हात शेवटी नुसतेच पुरले जातात.

ही चूक चित्रपटाने सुधारली. टेरेन्स यंगने दिग्दर्शित केलेला ‘डॉक्टर नो’ ५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडनमध्ये झळकला. बराचसा भाग जमैकात चित्रित झालेला होता, आणि तो बेटदेश दोनच महिन्यांपूर्वी, ६ ऑगस्टला, ब्रिटनपासून स्वतंत्र झाला होता. पटकथेच्या सुरुवातीच्या एका मसुद्यात वुल्फ मँकोविट्झ आणि रिचर्ड मायबाम यांनी डॉक्टर नोला चक्क माकड करून टाकले होते. निर्मात्याने तो मसुदा फेकून दिला. भूमिकेसाठी फ्लेमिंगने जमैकातला आपला शेजारी नोएल कॉवर्ड याला विचारले, तर त्याने तारेने उत्तर पाठवले: नो, नो, नो. शेवटी कॅनडात जन्मलेल्या जोसेफ वाइजमनने ती केली. पडद्यावर किमोनो गेला, साधा कोट आला, आणि चिमट्यांच्या जागी काळे धातूचे हात आले, रोटवांगच्या हातमोज्याची आठवण करून देणारे. कारणही बदलले. टोळीची शिक्षा मागे पडली आणि अणुऊर्जेच्या प्रयोगांत हात गेले असे ठरले. ताकद दाखवण्यासाठी डॉक्टर धातूची एक छोटी मूर्ती हातात घेऊन चिरडतो.

शेवटी अणुभट्टीच्या उकळत्या पाण्यावर बाँडशी मारामारी होते. दोघेही खाली जाऊ लागतात. बाँड चौकटीला पकडून वर चढतो. डॉक्टर धातूच्या खांबाला धरू पाहतो, हात घसरतात, पुन्हा धरतो, पुन्हा घसरतात, आणि तो पाण्यात जातो. चौकट धातूची आणि हातही धातूचे, पकड बसणार कशी? मूर्ती चिरडणाऱ्या हाताला ओली सळई धरता येत नाही, कारण ओलावा आणि घसरण जाणणारी कातडी त्याला नाही. पटकथेच्या लेखकांनी रोहॅम्प्टनला जाऊन चौकशी केली असेल असे नाही. तरीही कृत्रिम हाताची खरी उणीव त्यांच्या हाती नेमकी लागली, आणि कादंबरीतल्या यारीपेक्षा हा शेवट कितीतरी पटीने सरस उतरला.

अकरा वर्षांनी याच चित्रमालिकेने हा डाव पुन्हा खेळला. ‘लिव्ह अँड लेट डाय’च्या १९५४ च्या कादंबरीत टी ही नावाचा गुंड बाँडची करंगळी मोडतो, आणि त्याचे स्वतःचे दोन्ही हात शाबूत आहेत. १९७३ च्या चित्रपटात ज्युलियस हॅरिसने साकारलेल्या टी हीचा उजवा हात पोलादी पंजाचा आहे, आणि तो मगरीने खाल्ला आहे. मगरीचे नावही सांगितले जाते: अल्बर्ट. हूकची मगर जवळजवळ सत्तर वर्षांनी अशी परत आली. मगरींचे दृश्य जमैकातल्या एका खऱ्या मगरपालन केंद्रात चित्रित झाले. त्याचा मालक रॉस कनांगा याने मगरींच्या पाठींवर पाय देत पळण्याची कसरत स्वतः केली, आणि मुख्य खलनायकाला नाव त्याचेच दिले गेले. टी ही सुरुवातीला बाँडच्या पिस्तुलाची नळी पंजाने वाकवतो. शेवटी आगगाडीच्या डब्यात झटापट होते, आणि बाँड एका बारीक कात्रीने पंजाच्या तारा कापतो. पंजा खिडकीच्या कडीला अडकून पडतो आणि उघडत नाही. टी ही खिडकीबाहेर फेकला जातो, पंजा मागे राहतो. डॉरन्सच्या आकड्याची सगळी भिस्त तारेवर होती हे इथे कामी आले.

त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये ‘एंटर द ड्रॅगन’ झाला. त्यातल्या हानला लोखंडी पंजे बदलून लावता येतात, आणि भिंती आरशांच्या असलेल्या खोलीत तो भाल्यावर अडकून मरतो. या पंजाबद्दल फार सांगण्यासारखे काही नाही, तो सुरीच्या जातीचा आहे. १९७५ च्या ‘शोले’त सलीम-जावेदनी साचा उलटा केला. हात ठाकूरचे तुटतात, तोडतो गब्बर, आणि ठाकूरला कोणी पोलादी हात देत नाही. शालीत झाकलेले रिकामे खांदे आणि बुटांचे खिळे एवढ्यावर त्याला भागवावे लागते. तोडलेला हात हा इथे गुन्हेगाराचा नाही, फिर्यादीचा आहे.

मार्टिन केडिनच्या ‘सायबॉर्ग’ या १९७२ च्या कादंबरीपासून यांत्रिक हात नायकाकडे परत निघाला. तिच्यावरून निघालेल्या ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेत सरकारी खर्चाने बसवलेला हात देशभक्तीच्या कामी येतो. १९८० साली ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये डार्थ व्हेडर ल्यूकचा उजवा हात कापतो आणि ल्यूकला हुबेहूब कातडीचा यांत्रिक हात बसवला जातो. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये ल्यूक व्हेडरचा हात कापतो. रक्त येत नाही, तुटलेल्या मनगटातून तारा लोंबतात. ल्यूक त्या तारांकडे पाहतो, मग आपल्या काळा हातमोजा घातलेल्या उजव्या हाताकडे पाहतो, मूठ मिटून पाहतो आणि तलवार फेकून देतो.